कागोशिमाला येताय तर आधी राखेचं ऐका

ताई, तुम्ही कराडच्या, मिस्टरांना जपानात कागोशिमाला नोकरी लागलीय आणि "समोरच ज्वालामुखी आहे म्हणे, मुलाला घेऊन यावं का" असं विचारलंय, ते वाचलं आणि राहवलं नाही. मी पाटणची, इथं नऊ वर्षं झाली. व्हिसाचं एजंट सांगेलच.

तो ज्वालामुखी म्हणजे साकुराजिमा, खाडीपलीकडं, फेरीनं पंधरा मिनिटं. लाव्हा घरात येईल ही भीती सोडा, खरा ताप राखेचा. उन्हाळ्यात वारा शहराकडं वळतो, मग धुणं वाळत घालायच्या आधी टीव्हीवर वाऱ्याची दिशा बघायची आणि दारातली राख झाडून पालिकेच्या पिवळ्या पिशवीत भरायची. चुलीतली राख नव्हे ही, दगडकाचेचा चुरा आहे, कोरड्या काचेवर वायपर फिरवलात की ओरखडे पडलेच.

ज्वालामुखीचं आणि भूकंपाचं मूळ एकच, समुद्राखालची फिलिपाइन प्लेट, म्हणजे जमिनीचा भला मोठा तुकडा, आपण राहतो त्या क्यूशू बेटाच्या खाली घुसतेय. बातमीत दोन आकडे येतात. मॅग्निट्यूड म्हणजे भूकंप केवढा झाला, शिंदो म्हणजे तुमच्या गावात किती हललं. शिंदो ० ते ७ असतो, ३ ला लोक चहासुद्धा खाली ठेवत नाहीत.

एकटं वाटतं का? वाटतं. सवय होते.

शाळेचं मात्र अजून सलतंय. लेक दुसरीत असताना "तुमच्या गावचा डोंगर काढा" म्हणाले, तिनं सडावाघापूरचं पठार काढलं आणि खाली लिहिलं की हा पण ज्वालामुखीचाच. बाईंनी लाल पेनानं लिहिलं, ज्वालामुखीला टोक असतं. अहो, आपल्या सह्याद्रीत ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीच्या लांबच लांब भेगांतनं पातळ लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, म्हणून तर माथे सपाट आणि कडे पायऱ्यांसारखे! पण हे जपानीत सांगायला मला तेव्हा शब्दच नव्हते, मान डोलावून घरी आले. लेकीनं परत कधी गावचा डोंगर काढला नाही.

आणि गंमत बघा, घाबरायचं ते मी इथलं नाही, तिकडचं घाबरते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, दीडशेच्या वर माणसं गेली, आबा तेव्हा आठ वर्षांचे. धरणाच्या पाण्याचा दाब खालच्या भेगांवर आला असं बहुतेक अभ्यासक मानतात, बारीक हादरे अजून बसतात. इथं माझ्या दाराशी पाणी, टॉर्च, बिस्किटांची बॅग तयार, हादऱ्याआधी मोबाईल ओरडतो. आबा अजून त्याच दगडमातीच्या भिंतीत, एकटे. मागच्या सुट्टीत मी "भिंत पाडून बांधून घेऊ" म्हणाले तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हादरा बसला तरी फोन करत नाहीत, मला ते भावकीच्या ग्रुपवर कळतं.

असो. मुलाचं पासपोर्टवरचं नाव आजच बघा, वडिलांचं नाव मध्ये आहे का ते. माझ्या नावापुढं नवऱ्याचं नाव चिकटलंय, फॉर्मच्या चौकटीत मावेना, बँकेनं तीनदा परत पाठवलं.