ढगाळ आकाशातले तासाचे प्रारण

प्रश्न : हवामान-नोंदीत केवळ ढगांचे अष्टमांश (आकाशाचे आठ भाग मानले, तर त्यांपैकी किती ढगांनी झाकले तो आकडा) असतील, तर तासाचे सौर प्रारण (सूर्याकडून जमिनीवर पोचणारी ऊर्जा) कसे काढावे?

उत्तर : कास्टेन आणि चेप्लाक या संशोधकांनी हॅम्बुर्गच्या नोंदींवरून १९८० मध्ये मांडलेले सूत्र येथे सोयीचे आहे. सूर्याच्या उन्नतांशाच्या (क्षितिजापासूनच्या कोनीय उंचीच्या) ज्येला (साइनला) ९१० ने गुणून ३० वजा केले की निरभ्र आकाशाचे प्रारण दर चौरस मीटरला वॅटमध्ये मिळते. मग अष्टमांशांना ८ ने भागून ३.४ वा घात घ्यावा, त्याची ०.७५ पट १ मधून वजा करावी आणि उरलेल्या अंशाने निरभ्र प्रारणाला गुणावे. उन्नतांश ६०° असता निरभ्र प्रारण ७५८ वॅट येते. अर्धे आकाश झाकले तरी घट जेमतेम ७ टक्के. पूर्ण झाकले, तर मात्र १९० वॅटच उरतात. ढग विरळ की दाट, हे सूत्राला कळत नाही. म्हणून कोकणातल्या आषाढासाठी ते स्थानिक मोजमापांशी ताडूनच वापरावे.