‘योग्य ते देतो’ म्हणून नेलेला पेनसेट

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. यजमानांच्या पश्चात त्यांचा पार्कर 51 पेन-पेन्सिलीचा सेट, मूळ डबीसकट, त्यांच्या एका मित्रांनी बघायला नेला. त्यांना जुन्या पेनांचा नाद आहे. नंतर व्हॉट्सॲपवर लिहिलं, “वहिनी, सेट ठेवून घेतो, योग्य ते देतो.” गेल्या आठवड्यात यूपीआयवर 2,000 रुपये आले. मी “मिळाले” एवढंच कळवलं. मुलाला तसाच सेट ऑनलाइन 45,000 ला दिसला. पोलिसांत जाऊ की ग्राहक आयोगात?

उत्तर : ताई, दोन्हीकडे नको. ग्राहक आयोग घेणाऱ्यासाठी आहे, तुम्ही विकणाऱ्या. आणि फसवणुकीचा गुन्हा म्हणायचा तर सेट नेतानाच मनात पाप होतं हे दाखवावं लागेल. नुसते पैसे कमी दिले म्हणून ते सिद्ध होत नाही. मामला दिवाणी आहे, आणि त्यात तुमची बाजू बरी आहे.

कारण तुमच्यात किंमत ठरलीच नव्हती. त्यांनी आधी “दोन हजार देतो” म्हटलं असतं आणि तुम्ही मान डोलावली असती, तर मी गप्प बसा असंच सांगितलं असतं. मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही (करार कायदा 1872, कलम 25), आणि वस्तूच्या मोलाचा अंदाज चुकणं ही कायद्याच्या लेखी वस्तुस्थितीची चूक नाही (कलम 20). पण किंमत न ठरवता माल घेतला, तर घेणाऱ्यानं वाजवी किंमत द्यायची, असं माल विक्री कायदा 1930 चं कलम 9 सांगतं. वाजवी किती, हे त्या प्रकरणाच्या परिस्थितीवरून ठरतं. एकट्या त्यांच्या मर्जीवर नाही.

तुमच्या मुलाच्या मोबाइलवरही नाही. 45,000 हा मागितलेला भाव आहे, मिळालेला नव्हे. मागायला कुणाचं काय जातं! पार्कर 51 हे 1941 ते 1972 या काळात अमाप बनलं, त्यामुळे निव्वळ जुनं म्हणून ते दुर्मिळ होत नाही. फरक पडतो तो टोपण स्टीलचं, सोन्याचा मुलामा दिलेलं की अस्सल सोन्याचं यानं. शाई भरायची यंत्रणा चालते का, निब झाकणाऱ्या पुढच्या भागाला तडा आहे का, नाव कोरलंय का यानं. डबी आणि पेन्सिल सोबत असणं तुमच्या फायद्याचं. गुजरीतल्या सराफाला मात्र भाव विचारू नका. निब 14 कॅरेटची असली तरी तो तेवढ्या सोन्याचं वजन सांगेल, पेनाचं मोल नाही.

त्याच टोपणाचे, त्याच यंत्रणेचे सेट प्रत्यक्ष केवढ्याला विकले गेले, त्याचे चार-पाच दाखले काढा. पेनदुरुस्तीतल्या जाणकाराचं लेखी मत घ्या. साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 39 खाली अशा तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरता येतं. चॅट आणि स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचे तर त्याच अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून फोन बदलू नका, चॅट पुसू नका.

त्याआधी, आजच, त्यांना लिहा : “2,000 रुपये अंशतः मिळाले, वाजवी किमतीची बाकी येणं आहे.” तुम्ही “मिळाले” म्हणालात, “हिशेब मिटला” नाही, हे नशीब. कमी रकमेवर समाधान मानलं असं दिसलं की करार कायद्याचं कलम 63 तुमच्यावर उलटतं.

मुदत सेट दिल्यापासून 3 वर्षं. यजमानांचं मृत्युपत्र नसेल तर मुलंही वारस आहेत, त्यांची लेखी संमती जवळ ठेवा. कोल्हापुरात आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय म्हणून कुणी तिकडे जायला सांगेल, ऐकू नका. एवढ्या रकमेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचा) अर्ज पुष्कळ. तिथल्या लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, अपील नाही; तेव्हा सही करण्याआधी आकडा नीट वाचा.

ते “सेट परत घ्या” म्हणाले आणि तुम्हालाही तो घरात हवा असेल, तर घ्या, 2,000 परत करा. मात्र जुन्या फोटोशी टोपण आणि निब ताडून बघितल्याशिवाय पोच देऊ नका.