मेम्ब्रेनमध्ये भोकं असतात, तरी सगळेच गॅस आरपार का जात नाहीत?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की पीआयएम-१ (गॅस गाळायची पातळ फिल्म, म्हणजे मेम्ब्रेन, ज्याची बनवतात असं एक पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचं प्लास्टिक) एवढं भारी आहे तर मग कारखान्यांत का दिसत नाही. मी लॅबमध्ये ह्याच फिल्म बनवायचो, म्हणून लिहितो.

आधी भोकांचं बघू. हे आरपार बोगदे नाहीयेत. साध्या पॉलिमरच्या साखळ्या लवचिक असतात, वळून वळून एकमेकींना चिकटून बसतात. पीआयएम-१ ची साखळी ताठ, त्यात ठरावीक ठिकाणी काटकोनात मोडलेली, आणि जोड असे की फिरायला वावच नाही. वाकडीतिकडी लाकडं कशीही रचा, फटी राहणारच, तसंच हे. ह्या फटी २ नॅनोमीटरपेक्षा लहान, पण इतक्या की एका ग्रॅममध्ये ७०० चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग निघतो! २००४ मध्ये मँचेस्टरच्या बड आणि मॅकिऑन ह्यांच्या ग्रुपने हे पुढे आणलं.

आता गॅस वेगळे कसे होतात? कार्बन डायऑक्साइड साधारण ०.३३ नॅनोमीटर, मिथेन ०.३८, म्हणजे साइजमध्ये फरक फारच थोडा, नुसत्या तेवढ्यावर काम भागत नाही. कार्बन डायऑक्साइड पॉलिमरमध्ये विरघळतोही जास्त, आणि पीआयएम-१ मध्ये खरी मदत ह्याचीच होते. त्यामुळे गॅस धो धो जातो पण निवड तशी बेताचीच.

खरी अडचण म्हणजे म्हातारपण. फिल्म बनली तरी साखळ्या हळूहळू बसत जातात, फटी आवळतात आणि परमिएबिलिटी, म्हणजे गॅस आरपार जाण्याची सोय, घसरते (सिलेक्टिव्हिटी, म्हणजे निवड, थोडी वाढते, पण त्याने घाटा भरून निघत नाही). पिवळीधम्मक फिल्म मेथॅनॉलमध्ये बुडवली की फुगते, वाळवली की पुन्हा ताज्यासारखी चालते, लॅबमध्ये हे मस्त आहे पण चालू प्लांटमध्ये मेम्ब्रेन काढून कोण बुडवत बसणार? त्यात इंडस्ट्रीला थर पाहिजे एक मायक्रॉनच्याही आतला, आणि थर जितका पातळ तितका तो लवकर म्हातारा होतो. पेपरमधले बरेच भारी आकडे मात्र जाड, ताज्या फिल्मचे असतात. शिवाय जास्त प्रेशरला कार्बन डायऑक्साइड पॉलिमरलाच फुगवतो, मग मिथेनही सोबत सुटतो.

म्हणून पेपर वाचताना मी आधी तीनच गोष्टी शोधतो, फिल्मची जाडी किती, ती किती दिवसांची, आणि टेस्ट एकेका शुद्ध गॅसवर केली की मिश्रणावर. ह्यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ग्राफ कितीही छान असो, मी पुढे जातो.