भाची रडतही नव्हती, तरी विंचू चावल्यावर डॉक्टरांनी तिलाच ॲडमिट का केलं?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. 7 वर्षांच्या भाचीला गोवऱ्या काढताना विंचू चावला, ती फारशी रडत नव्हती तरी तिला वॉर्डात ठेवलं, आणि त्याच ढिगात चावलेला तुमचा सालदार हात धरून बोंबलत होता त्याला मात्र दोन-तीन तासात घरी पाठवलं, आणि वर रात्री भाचीचं बोट दुखायला लागलं म्हणून तुम्ही घाबरलात. तिथल्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलंय. मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे, मे-जूनमध्ये पऱ्हाट्या, कडबा, गोवऱ्या हलवल्या की विंचवाचे पेशंट येतातच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विंचूदंश किती गंभीर आहे ते आम्ही 1 ते 4 अशा ग्रेडमध्ये मोजतो. तुमचा सालदार होता ग्रेड 1. म्हणजे चावलेल्या जागी भयंकर आग, कळ खांद्यापर्यंत जाते, तिथे थोडी सूज आणि घाम, पण बाकी शरीरावर काही नाही. त्याला बर्फ, पॅरासिटामॉल, फारच असलं तर बोट बधिर करायचं इंजेक्शन, आणि थोडा वेळ नजरेसमोर ठेवायचं, बस. बहुतेक मोठी माणसं यातच बसतात, काही तासात कळ आपोआप उतरते, आणि म्हणूनच मंत्र टाकणाऱ्याचा पण गुण येतो.

खरी भीती ग्रेड 2 ची, कारण ती दिसत नाही, शोधावी लागते. तांबड्या विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं, मग शरीर स्वतःच ॲड्रेनालिनसारखी रसायनं ओतत सुटतं. उलटी होते, अंगभर घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते, लहान मुलाचं लिंग ताठ होऊन राहतं (हे सांगायला घरचे लाजतात, कृपा करून लाजू नका, डॉक्टरला सांगा), हातपाय गार पडतात. आणि या सगळ्यात दुखणं कधी कधी अगदी कमी असतं.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. एका दुपारी दोन पेशंट एकदमच आले, एक तगडा माणूस ओरडत होता, मी त्याच्याकडे गेलो, आणि बाकावर एक म्हातारी नातीला मांडीवर घेऊन बसली होती ती म्हणाली, "पोरगी रडस नही, बरी शे." आमच्या सिस्टर जाता जाता वाकल्या, पोरीच्या पायाला उलटा हात लावला आणि मला जोरात हाक मारली. मे महिना होता, बाहेर 44 डिग्री, पंखा गरम वारा फेकत होता, आणि त्या पोरीचे पाय माठाच्या बुडासारखे गार! फ्रॉक पाठीला चिकटलेला, ओठांवर घामाचे थेंब, नाडी पळत होती, बीपी चढलेलं. पोरगी वाचली, पण तिच्याकडे आधी बघायला हवं होतं मी. तेव्हापासून आमच्याकडे नियम, विंचवाचा पेशंट आला की नाव लिहायच्या आधी पायाला हात.

ग्रेड 2 कडे दुर्लक्ष झालं तर पुढे काय होतं ते पण ऐका. सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यामुळे हृदयाला त्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं, ते थकतं आणि पाणी फुप्फुसात साचतं. पोरगं खोकायला लागतं, आडवं पडवत नाही, उठून बसू बघतं, श्वास भराभर, शेवटी गुलाबी फेस. हा ग्रेड 3. आणि ग्रेड 4 मध्ये बीपी कोसळतं पण हातपाय परत गरम होतात, आणि नातेवाईक म्हणतात ऊब आली, बरं वाटतंय. ती ऊब फसवी असते, तेव्हा बीपी आणि नाडी बघावीच लागते.

यात आमचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे प्राझोसिनची गोळी. मुळात बीपीची, अगदी स्वस्त. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर ती वापरून दाखवली, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली. ती यायच्या आधी गंभीर पेशंटपैकी 30 टक्क्यांच्या आसपास दगावायचे, आता चांगले उपचार मिळाले तर 4 टक्क्यांच्या आत. डोस वजनाच्या दर किलोला 30 मायक्रोग्रॅम, दर 3 तासांनी, हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत, आणि गोळी साधी लागते, हळूहळू विरघळणारी नको. ती दिल्यावर पोराला कडेवर उचलायचं नाही, झोपवूनच ठेवायचं, नाहीतर बीपी एकदम पडतं. म्हणूनच घरी स्वतःच्या मनाने देऊ नका. फक्त दुखतंय म्हणून तर नाहीच. विंचवाची लस (म्हणजे विषावरचा उतारा, चावल्यावर द्यायचा) पण आहे, बावस्करांनीच 70 पेशंटवर केलेल्या आणि 2011 ला छापून आलेल्या अभ्यासात लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या 35 पैकी 32 जण 10 तासात पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8.

आणि "डॉक्टर, सलाईन लावा ना" हा हट्ट नका करू. उलटी-घामाने पाणी जातं ते खरं, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाजायचं, पण फुप्फुसात पाणी असताना सलाईन भराभर सोडली तर जीव जाईल. घट्ट दोरी, ब्लेडने चिरणं, हे पण नको. विंचू मारून पिशवीत आणला तर ठीक, बारीक नांग्या आणि जाड शेपटीचा तांबडा जास्त घातक, जाड नांग्यांचा मोठा काळा तेवढा नाही, पण तो शोधण्यात अर्धा तास घालवू नका, ग्रेड आम्ही पेशंटवरून ठरवतो. 108 ला फोन करा आणि किती वाजता चावला, उलटी किती वेळा झाली तेवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्या भाचीचं. सुरुवातीला गप्प होती, कपडे ओले, हात गार, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ती ग्रेड 2 होती. गोळीचे डोस गेल्यावर हात गरम झाले, घाम सुकला आणि मग बोट दुखायला लागलं. विष चढलं म्हणून नाही दुखलं ते, वादळ ओसरलं की चावलेली जागा बोलायला लागते, हे आम्ही नेहमी बघतो. रात्री दोन वाजता असं पोरगं बोट धरून भोकाड पसरतं ना, तेव्हा आमच्या सिस्टर मला येऊन सांगतात, "सर, रडतेय," आणि आम्ही दोघंही चहा प्यायला जातो.