कोडिंग येत नाही, तरी एआयकडून फाइल-सिंकचं टूल बनवून घेता येईल का?

म्हापशाच्या दुकानातला कॉम्प्युटर आणि पणजीतला घरचा लॅपटॉप, दोन्हीकडच्या फायली सारख्या राहाव्यात एवढंच हवं असेल तर सिंकथिंग हे तयार सॉफ्टवेअर वापरा. 2013 पासून आहे, मुक्तस्रोत आहे, फुकट आहे.

स्वतःचंच हवं असेल तर तेही होईल. कॉपी करणारा कोड एआय चुटकीसरशी देतो, खरा घोळ डिलीटमध्ये असतो. एखादी फाइल दुकानात आहे, घरी नाही. मग ती दुकानात नवी आली, की घरी कुणी पुसली? दोन फोल्डर नुसते ताडून हे कळणं शक्यच नाही. मागच्या सिंकच्या वेळी काय होतं याची नोंद लागते. म्हणून पहिल्याच सूचनेत सांगा: शेवटची स्थिती एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) ठेव, दोन्हीकडे बदल झाला असेल तर दोन्ही प्रती ठेव, काहीही थेट पुसू नको, वेगळ्या फोल्डरमध्ये हलव. हे सांगितलं नाही तर एआय बहुधा 'नवी तारीख जिंकली' असा सोपा नियम लावून मोकळा होतो. तारखेवर तसाही भरवसा नको. फॅट32 या जुन्या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर बदलाची वेळ 2 सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते. हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) ताडायला लावा.

पावसाळ्यात मध्येच वीज जाणारच (आपल्याकडे ही शंका नव्हे, खात्री). तेव्हा फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायची, मगच नाव बदलायचं, म्हणजे खऱ्या नावाची फाइल अर्धवट राहत नाही.

कोड वाचता येत नसेल तर तो तपासणाऱ्या टेस्ट तरी एआयकडून मराठीत समजावून घ्या, आणि हिशेबाच्या खऱ्या फायलींआधी खोट्या फोल्डरवर चालवा.