कान त्यांचे, उत्तर तुमचं

इचलकरंजीच्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा ६९ वर्षांचा, सगळी नोकरी यंत्रमागावर जॉबर म्हणून गेली. ऐकू येणं कमी झालं तेव्हा मुलांनी गेल्या दिवाळीत दोन्ही कानांना मशीन घेऊन दिलं. ते आता कपाटात, चष्म्याच्या जुन्या डब्यात पडून आहे. लग्नकार्याला तेवढं लावतात आणि अर्ध्या तासात काढून खिशात टाकतात. ताई लिहितात, "दिवसभर ओरडून माझा घसा बसतो. शेजाऱ्यांना वाटतं आमची भांडणं चालू आहेत. एवढे पैसे घालवले, यांना काही किंमतच नाही. यांना कसं समजावू?"

ताई, समजावण्याचं नंतर पाहू. पत्रात खाली, जाता जाता तुम्ही लिहिलंय, "मशीन बसवताना मॅडमनी विचारलं कसं वाटतंय, हे नेहमीसारखे गप्प, मग मीच सांगितलं छान ऐकू येतंय." तुमच्या चार पानांत मला हे एकच वाक्य दिसलं.

कान कुणाचे होते?

मॅडमनी ते सहज म्हणून विचारलं नव्हतं. मशीन कॉम्प्युटरला जोडून कुठला आवाज किती वाढवायचा, कुठला दाबायचा, हे आधी कानाच्या तपासणीवरून आणि मग त्या उत्तरावरून ठरतं. तुम्ही 'छान' म्हणालात आणि मशीन तिथंच थांबलं. तेव्हापासून तुमचे यजमान तुमच्या उत्तराप्रमाणे लावलेलं मशीन घालतायत. मीसुद्धा ते खिशात टाकलं असतं.

शटलच्या मागांत उभा जन्म काढलेल्या माणसाचे आधी बारीक, तीव्र आवाज जातात, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. आतल्या कानातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. म्हणून त्यांना 'आ' ऐकू येतो आणि 'स' गळतो. तुम्ही साठ म्हणता, त्यांना आठ ऐकू येतं. मग तुम्ही ओरडता, त्यानं तो 'आ' तेवढा मोठा होतो, 'स' जिथल्या तिथं. आणि ते म्हणतात, ओरडू नकोस. खरंच बोलतात ते.

आता मशीन लावल्यावर बरीच वर्षं न ऐकलेलं सगळं एकदम आत येतं: पंखा, ताटवाट्या, कुकर, कागदाची खसखस. स्वतःचाच आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमतो. यातलं काय टाकून द्यायचं हे मेंदूला पुन्हा शिकायला आठवडे लागतात, कधी काही महिने. आणि तुमच्याकडे सराव कुठं, तर बँडबाज्याच्या मांडवात! तिथं धडधाकट कानाच्या माणसालाही शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही.

या तक्रारींपैकी बऱ्याच कमी करता येतात. आवाज घुमत असेल तर कानातलं रबरी टोक बदलून पाहतात. भांडी टोचत असतील तर तेवढे आवाज खाली घेतात. मशीन शिट्टी मारत असेल तर ते नीट बसलेलं नसतं, नाहीतर कानात मळ असतो. पण हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते फक्त त्यांनाच माहीत आहे.

तुम्ही वाईट हेतूनं बोलला नाहीत, कळतं मला. बँकेत तुम्ही बोलता, डॉक्टरांकडे तुम्ही, मुलांचा फोन आला की आधी तुम्ही. घर चालवायचं म्हणजे कुणीतरी बोलायला लागतंच. पण 'नेहमीसारखे गप्प' असं तुम्ही लिहिलंत ना, तो माणूस गप्प आहे की त्याच्या आधी तुमचं उत्तर होऊन जातं, हे एकदा तपासा. त्यांनाही ते सोयीचं झालं असणार, सगळा दोष मी तुमच्यावर टाकत नाही. पण पत्र तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगणं तुम्हाला.

तेव्हा करायचं एवढंच. मशीनवाल्या मॅडमकडे त्यांना पुन्हा पाठवा. तोवर आठ दिवस रोज सकाळी, घर शांत असताना, दोन तास मशीन घालून त्यांनी पेपर मोठ्यानं वाचायचा. काय खुपतं, काय घुमतं ते त्यांच्याच हातानं वहीत लिहायचं. तुम्ही शुद्धलेखनसुद्धा तपासायचं नाही. त्या दिवशी वही घेऊन ते एकटे आत जातील, तुम्ही बाहेर बाकावर बसाल. आतून दहा मिनिटं काहीच ऐकू आलं नाही तरी उठायचं नाही. मॅडमनी "काकू, तुम्हीपण या" म्हटलं, तर म्हणा, कान माझे नाहीत.

आणि अपॉइंटमेंटचा व्हॉट्सअ‍ॅप तेवढा मी करून ठेवते, असं मनात आलं असेल, तर फोन त्यांच्या हातात द्या.