ग्लूटेनविरहित आयरिश सोडा ब्रेड वरून दगड आणि आतून गिच्च का होतो?

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी डब्लिनला आलो आणि दोन महिन्यांपूर्वी सीलिअ‍ॅकचं, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन नावाचं चिवट प्रथिन न सोसण्याच्या आजाराचं, निदान झालं. इथला ब्राउन सोडा ब्रेड मला फार आवडायचा. दुकानातून ग्लूटेनविरहित पीठ आणून, नेहमीच्या कृतीत तेवढाच बदल करून तीनदा केला. तिन्ही वेळा वरून दगड, आतून गिच्च गोळा. कुठे चुकतंय?

उत्तर:

घरी कधी ढोकळा केलाय, किंवा आईला करताना पाहिलंय? पीठ भिजवायचं, मुरू द्यायचं, भांड्यात पाणी खळखळ उकळायला लागलं की सगळ्यात शेवटी सोडा घालून भराभरा फेटायचं आणि फेस बसायच्या आत ताटली वाफेवर. सोडा आधीच घालून पीठ तासभर ठेवलं तर काय होतं ते एकदा अनुभवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. तुमच्या ब्रेडची गोष्ट यातलीच आहे. तुम्ही सोड्याची घाई नीट सांभाळलीत, पण पिठाला मुरायला वेळ दिला नाहीत. दोष तुमचा नाही. गव्हाच्या कृतीत मुरवण्याची पायरीच नसते.

गव्हाचा सोडा ब्रेड म्हणजे पीठ, मीठ, सोडा आणि ताक. ताकातलं लॅक्टिक आम्ल सोड्याला भेटलं की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो, म्हणून मळायचं नाही, हाताने चार वेळा फिरवायचं, वर सुरीने फुली मारायची आणि गरम ओव्हनमध्ये ढकलायचं. गव्हाचं पीठ तेवढ्या वेळात ताक ओढून घेतं. तांदळाचं पीठ आणि तयार मिश्रणांमधला स्टार्च तसं करत नाही. त्याचे कण ताकात नुसते बसून राहतात, आणि ओव्हनची उष्णता आतवर पोचली की मग कुठे पाणी ओढायला लागतात. तोवर वरचं कवच कडक झालेलं असतं, आणि धरून ठेवणारं काही नसल्यामुळे आतला बराचसा वायू निघून गेलेला असतो. उरतो तो तुमचा गोळा.

तरीही ग्लूटेन सोडलेल्या माणसाने पहिला ब्रेड कुठला करावा, तर हाच. यीस्टच्या ब्रेडला ग्लूटेनचं जाळं लागतं, ते ताणायला मळावं लागतं. सोडा ब्रेडने ग्लूटेनवर कधी फार भिस्त ठेवलीच नव्हती. आयर्लंडच्या ओलसर हवेत पिकणारा गहू मऊ, कमी प्रथिनांचा. त्याच्या पिठावर यीस्टचा ब्रेड मनासारखा फुगत नसे. १८३० च्या दशकात सोडा इथल्या घरांत पोचू लागला आणि या मऊ पिठाचं सोनं झालं. घरोघरी ओव्हन नव्हतेच. पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या जळणाच्या) आगीवर टांगलेल्या बॅस्टिबल नावाच्या बिडाच्या भांड्यात ब्रेड ठेवायचा आणि झाकणावर निखारे रचायचे. गोव्यात बिबिंकाच्या थरांना वरून निखाऱ्यांची धग देतात, ती युक्ती याच जातीची. तुमच्याकडे झाकणाचं जाड बिडाचं भांडं असेल तर ते ओव्हनमध्ये तापवून त्यात भाजून पाहा, कवच सुरेख येतं. पण ते नंतर, आधी साध्या टिनमध्ये जमू दे.

मी आयर्लंडमधल्याच कॉर्क शहरात अकरा वर्षं आहे, आणि सीलिअ‍ॅकची सात. सोडा ब्रेड मला शिकवला शेजारच्या आजींनी, निदान व्हायच्या आधी. वजनकाटा त्यांच्या घरात नव्हता, मापाला एक कान तुटलेला कप. मनुका, साखर आणि शहाजिरं घातलेला जो ब्रेड अमेरिकेत ‘आयरिश’ म्हणून खपतो, त्याचं नाव काढलं तरी त्या भुवया चढवायच्या. मनुका घातलेला इथेही करतात, त्याला स्पॉटेड डॉग म्हणतात, पण तो चहाबरोबरचा लाड. रोजचा ब्रेड वेगळा. माझ्या आताच्या कृतीत अंडं पडतं हे मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

निदान झाल्यावर पहिल्यांदा मी तुमच्यासारखंच केलं, आणि तुमच्यासारखेच गोळे काढले. मग एक दिवस ज्वारीची भाकरी थापताना डोक्यात आलं की आपण तर पिढ्यान्‌पिढ्या ग्लूटेन नसलेलं पीठ हाताळतोय! भाकरीचं पीठ थंड पाण्यात मळलं की कडा फाटतात. कढत पाण्यात मळलं किंवा उकड काढली की तेच पीठ चिकटून येतं, कारण उष्णतेने स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि खळीचं काम करतो. मी निम्म्या ज्वारीच्या पिठाची उकड काढून ती ब्रेडच्या पिठात मिसळली. गिच्चपणा गेला, चुराही होईना, पण ब्रेड वीट झाला. उकड पिठाला बांधते, पण वायूबरोबर ताणली जात नाही.

ताणायचं काम करतो इसबगोल. हो, तोच, पोट साफ व्हावं म्हणून रात्री कोमट दुधातून घेतात तो. इथल्या दुकानांत सायलियम हस्क म्हणून मिळतो. त्याचा बराचसा माल गुजरात-राजस्थानच्या शेतांतूनच जगभर जातो, त्यामुळे आयरिश दुकानात तो चढ्या भावाने घेताना मला दर वेळी थोडं हसू येतं. भारतीय दुकानातला चालेल, फक्त साधा घ्या. संत्र्याच्या स्वादाचा, साखर घातलेला डबा चुकून उचलू नका. ओला झाला की तो जेलीसारखा होतो, पिठाचे कण धरून ठेवतो आणि सोड्याचे बुडबुडे अडवतो.

आता कृती, एक किलोच्या आसपासच्या लांबट ब्रेड टिनसाठी. ग्लूटेनविरहित ब्रेड टिनशिवाय गोल थापायचा हट्ट सुरुवातीला सोडा. पीठ सैल हवं असतं आणि सैल पीठ पसरतं.

ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, तांदळाचं अगदी बारीक पीठ ९० ग्रॅम, नाचणीचं पीठ ३० ग्रॅम, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च १०० ग्रॅम. ब्राउन ब्रेडचा रंग आणि किंचित मातकट चव नाचणीने येते, पण ३० ग्रॅमच्या फार वर गेलात तर ब्रेड जड होतो. तुमचं तयार मिश्रण संपवायचं असेल तर तेच ३७० ग्रॅम घ्या, मात्र पाकिटावर झँथन गम (पीठ बांधणारा गोंद) लिहिला असेल तर इसबगोल थोडा कमी करा, नाहीतर ब्रेड रबरी होईल. पिठात इसबगोल १५ ग्रॅम आणि एक चमचा मीठ कोरडंच नीट मिसळा. कोरडं न मिसळता इसबगोल थेट ताकात टाकलात तर त्याच्या गुठळ्या होतात आणि मग त्या कशानेही मोडत नाहीत.

ताक ४०० मिलि. इथलं कार्टनमधलं बटरमिल्क दाट आणि आंबट असतं, तेच हवं. आपलं जेवणातलं पातळ ताक चालणार नाही, त्यात सोड्याला पुरेल एवढं आम्ल नसतं. घरचं दही असेल तर ३०० ग्रॅम आंबट दह्यात १०० मिलि पाणी घालून घुसळा. दही गोडसर असेल तर वर एक मोठा चमचा लिंबाचा रस. त्यात एक अंडं, एक मोठा चमचा तेल आणि एक मोठा चमचा काकवी फेटून घ्या. आयरिश कृतींत इथे ट्रिकल (साखरेचा काळा दाट पाक) घालतात. माझ्याकडे कोल्हापूरहून आलेली काकवी असते, ती संपली की मी ट्रिकलवर येते.

हे सगळं पिठात ओतून ढवळा आणि वीस ते तीस मिनिटं झाकून ठेवा. सोडा अजून घालायचा नाही! सुरुवातीला हे सरसरीत दिसेल आणि आणखी पीठ घालायला हात शिवशिवतील. घालू नका. अर्ध्या तासात ते थालीपिठाच्या पिठापेक्षा थोडं सैल होतं, थापता येत नाही पण चमच्यावरून लगेच ओघळतही नाही. फारच घट्ट वाटलं तर दोन चमचे पाणी घाला.

दरम्यान ओव्हन २०० अंशांवर तापवा, पंख्याचा असेल तर १८० वर. टिनला तेल लावून कागद घाला. सगळं तयार झालं की एक सपाट चहाचा चमचा सोडा (दुकानात डबीवर ‘ब्रेड सोडा’ लिहिलेलं असतं, बेकिंग पावडर नव्हे) चाळणीतून पिठावर सगळीकडे भुरभुरा, वर दोन मोठे चमचे पाणी शिंपडा आणि लाकडी चमच्याने मिनिटभर जोरात फेटा. पीठ हलकं झालेलं हाताला कळतं. गुठळी राहू देऊ नका, नाहीतर कापल्यावर पिवळा ठिपका आणि तोंडात साबण. लगेच टिनमध्ये ओता, ओल्या चमच्याने वरचा भाग सारखा करा, तेल लावलेल्या सुरीने खोल रेघ मारा. फुलीबद्दल इथे सांगतात की तिच्यातून घरातल्या पऱ्या बाहेर पडतात. मला एवढंच माहीत आहे की रेघ नसली तर ब्रेड त्याला हवा तिथे फाटतो.

वीस मिनिटांनी आच २० अंशांनी कमी करा आणि आणखी ३५ मिनिटं भाजा. शेवटची दहा मिनिटं ब्रेड टिनमधून काढून नुसताच जाळीवर ठेवा, बुडाची ओल जाते. बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज यावा असं म्हणतात, पण या ब्रेडच्या बाबतीत तो आवाज थोडं खोटं बोलतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, आत ९७-९८ अंश झाले की काढा. तुमचे तीनपैकी एखाददुसरे गोळे निव्वळ कच्चे असणार असा मला संशय आहे.

आणि मग सगळ्यात अवघड काम: दोन तास हात लावायचा नाही. गव्हाचा सोडा ब्रेड लोक गरमच तोडतात, लोणी वितळत असताना. आपल्या ब्रेडमधला स्टार्च थंड होताना घट्ट बसतो. गरम कापलात तर सुरीला लगदा चिकटेल आणि तुम्ही पुन्हा इथे येऊन ‘गिच्च’ लिहाल. पातळ सुती कपड्यात गुंडाळून ठेवा, कवच मऊ पडतं.

सूर्यफुलाच्या बिया घालणार असाल तर आधीच सांगते, दुसऱ्या दिवशी ब्रेड आतून हिरवा दिसला तर घाबरू नका. बियांमधल्या क्लोरोजेनिक आम्लाचा सोड्याशी संयोग होऊन हा रंग येतो, बुरशी नव्हे. माझा पहिला हिरवा ब्रेड नेमका मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या, म्हणजे आयर्लंडच्या हिरव्या रंगाच्या सणाच्या, आठवड्यात निघाला होता. शेजारच्या आजींना वाटलं मी मुद्दाम रंग घातला.

तुमचं निदान ताजं आहे म्हणून थोडं पिठांबद्दल. युरोपात ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. ज्वारी-तांदूळ-नाचणी मुळात निर्धोक असली तरी पाकिटावर ते शब्द आहेत का बघा, कारण प्रश्न गिरणीचा असतो. पहिल्या वर्षी आईने प्रेमाने पाच किलो ज्वारीचं पीठ दळून पाठवलं. गावातल्या गिरणीत आमच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले. तीन आठवडे पोट दुखत होतं आणि मी ताकाला दोष देत होते. आता आई अख्खी ज्वारी पाठवते, मी इथे घरच्या छोट्या ग्राइंडरमध्ये निवडून, दळून, चाळून घेते.

पुष्कळ आयरिश कृतींत वर ओट्स भुरभुरलेले असतात. तुमच्या डाएटिशियनने होकार दिल्याशिवाय ग्लूटेनविरहित लिहिलेले ओट्सही घालू नका, काही सीलिअ‍ॅक रुग्णांना ओट्समधलं प्रथिनच सोसत नाही. या सगळ्या पिठांच्या पावत्या मात्र ठेवा. डॉक्टरांचं पत्र असेल तर आयर्लंडमध्ये ग्लूटेनविरहित पदार्थांच्या खर्चावर २० टक्के करसवलत मागता येते. कॉर्कला आल्यापासून मला मिळालेली ही सर्वात रुक्ष आणि सर्वात उपयोगी माहिती.

ब्रेड दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो आणि फ्रिजमध्ये आणखी लवकर पडतो, म्हणून पूर्ण थंड झाल्यावर काप करून थेट फ्रीजरमध्ये टाका आणि हवे तेवढे टोस्ट करा. टोस्टर तुमचा वेगळा हवा. आमच्याकडे दोन आहेत, माझ्यावर लाल चिकटपट्टी. आणि लोणी लावून वर लिंबाचं लोणचं घेणार असाल, जे मी नेहमी घेते, तर बरणीवरचा हिंग वाचा. डबीतल्या हिंगाच्या पावडरीत बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ते मला ब्रेडचे सगळे प्रयोग संपल्यावर, दीड वर्षाने कळलं.